वस्तरा मिटल्यावर

माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, कुणाला "नाही" म्हणाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या. आतली त्यांची, दाराजवळची माझी. आतल्या खुर्चीतला म्हातारा म्हणायचा की हल्लीची पोरं पार बिघडली आहेत, आणि भाऊजी म्हणायचे, "बरोबर आहे साहेब." म्हातारा गेला की त्याच खुर्चीत एखादं पोरगं बसायचं आणि म्हणायचं की म्हातारे फार कटकट करतात. भाऊजी त्याच्या मानेवर पावडर मारत म्हणायचे, "खरं आहे बाबा तुझं."

माझ्या खुर्चीवर नेमकं उलटं. माझ्या नाकावर राग, आणि कात्रीच्या आधी जीभ चालायची. त्यामुळे भाऊजींच्या खुर्चीसाठी लोक बाकावर ताटकळत बसायचे. माझी खुर्ची रिकामी दिसली तरी वर्तमानपत्रात तोंड खुपसायचे, जणू मी दुकानात नाहीच.

एकदा मी चिडून त्यांना विचारलं, "तुम्ही दोन्ही डगरींवर हात ठेवून जगता कसे हो?"

ते वस्तरा पुसत होते. म्हणाले, "वडील सांगायचे, ज्याचा गळा आपल्या हातात आहे त्याच्याशी वाद घालू नये. बिचारा हलूसुद्धा शकत नाही, उत्तर काय देणार?"

 

दुकानासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे विद्यापीठ. इतकं जुनं की दारातल्या दगडी पायऱ्या मधोमध झिजून बशीसारख्या झाल्या आहेत. आमचं अर्धं गिऱ्हाईक तिथलंच. विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक. त्यातले एक जाड भिंगांचे सर इतिहास शिकवायचे. चष्मा काढून फळीवर ठेवला की त्यांना आरशातलं काही दिसायचं नाही, मग ते डोळे मिटून बोलत राहायचे. कुठल्याशा राजाचं बंड, कुठलीशी फसलेली मोहीम. भाऊजी कात्री चालवत ऐकायचे. पण केस काही गोष्टीच्या मापाने वाढत नाहीत. एकदा सर रंगात येऊन सांगत होते, राज्य बुडालं, राजवाड्याला वेढा पडला, राजा मागच्या दाराने वेश बदलून पळाला. तेवढ्यात भाऊजींनी मानेवरचं कापड झटकलं. सर उठले, चष्मा लावला आणि गेले.

दिवसभर भाऊजींच्या डोक्यात तो राजा. दुपारी मला म्हणाले, "मग पुढे काय झालं असेल रे त्याचं?"

"मेला असेल," मी म्हणालो. "इतिहासातले सगळे मेलेतच."

ते हसले. पण त्यांना हसू आलं नव्हतं, ते मला कळलं. त्यांच्या वडिलांचे हात कापायला लागले तेव्हा भाऊजी शाळेत होते. कापऱ्या हाताच्या माणसापुढे कोण मान देणार? शाळा सुटली आणि ती आतली खुर्ची त्यांच्याकडे आली. तेव्हापासून समोरच्या विद्यापीठातलं सगळं त्यांनी असं अर्धं अर्धंच ऐकलेलं. राजा पळतो आणि केस संपतात.

पुढच्या खेपेला सर आले तेव्हा भाऊजींनी भीतभीत विचारलं, "सर, माझ्यासारख्याला तिथे ऐकायला बसता येतं का?"

"ऐकायला कशाला, शिकायलाच या," सर डोळे न उघडता म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं की आत शिरायच्या वाटा तीन. पहिली सगळ्यांना माहीत असलेली, शाळेचे गुण आणि प्रवेश परीक्षा. तिथून लोंढा येतो. दुसरी, दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयात थोडं शिकून मग इकडे बदलून यायचं. आणि तिसरी, फारसं कुणी न जाणारी. वय तिशीच्या पुढचं हवं, शाळा पुरी नसली तरी चालते. वर्षभर संध्याकाळचा तयारी वर्ग, मग लेखी पेपर, मग मुलाखत. मुलाखतीला दोनदाच बसता येतं. दोन्हीदा नाही जमलं की ते दार कायमचं बंद.

घरी ताईला सांगायचं धैर्य भाऊजींना होईना. मलाच पुढे केलं. ताई पाळणाघरात काम करते, दिवसभर बारकी पोरं सांभाळते. ती म्हणाली, "बरंय. नाक पुसायला आणखी एक." आणि दुसऱ्याच दिवशी तिने भाऊजींसाठी शाळेच्या पोराला घेतात तशी पाठीवरची पिशवी आणली. तिचं प्रेम असं चिमटा काढूनच येतं.

ते वर्ष भाऊजींनी झपाटल्यासारखं काढलं. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये बाकावर पुस्तक उघडं. पुस्तकात केस, केसात पुस्तक. संध्याकाळ झाली की दुकान माझ्यावर टाकून पिशवी अडकवून रस्ता ओलांडायचे. लेखी पेपरात चांगले पास झाले. मी बाकावरच्या सगळ्यांना चहा पाजला, आणि ज्यांच्याशी मी कधीकाळी भांडलो होतो त्यांनीही तो घेतला.

मग मुलाखत. भाऊजी सकाळी नवा सदरा घालून गेले आणि दुपारच्या आत परत आले. ॲप्रन बांधला. गिऱ्हाइकं पांगल्यावर सांगायला लागले. लांबलचक टेबल. मधे एक बाई, पांढरे केस मानेवर बारीक कापलेले, त्या प्रमुख. एका बाजूला आपले जाड भिंगांचे सर. दुसऱ्या बाजूला असे एक सर की ज्यांच्या डोक्यावर आपल्या धंद्याला काहीच काम नव्हतं. टकलू सर म्हणाले, इतिहास थोर माणसं घडवतात, नाही का? भाऊजी म्हणाले, बरोबर आहे सर. लगेच आपले सर उसळून म्हणाले, छे, साध्या माणसांची भूक इतिहास घडवते. भाऊजी म्हणाले, खरं आहे सर. मग त्या दोघांचीच जुंपली. जो बोलेल त्याच्याकडे बघून भाऊजी मान डोलवत राहिले.

"शेवटी बाईंनी विचारलं, तुमचं स्वतःचं मत काय?" भाऊजी म्हणाले.

"मग?"

"मी म्हणालो, दोघांचंही बरोबर आहे मॅडम."

मी कपाळावर हात मारला.

बाईंनी त्यांना तिथल्या तिथे, न दुखावता सांगितलं होतं. या वेळी घेता येणार नाही. इथे शिकायचं म्हणजे "मला पटत नाही" म्हणायला शिकायचं, आणि का पटत नाही तेही सांगायचं. पुढच्या वर्षी पुन्हा या. आणि नको म्हणायला पहिला हात जाड भिंगांच्या सरांचाच वर गेला होता.

"अहो, हा तर केसाने गळा कापला!" मी ओरडलो. "इतकी वर्षं ज्याची मान सांभाळली, त्यानेच?"

"त्यांचं बरोबर आहे रे," भाऊजी म्हणाले. त्यावर मी कात्री आपटली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्या दिवसापासून सर दुकानात यायचे बंद झाले. समोरच्या बाजूने खाली मान घालून जायचे. केस वाढत वाढत कानावर आले, मग कॉलरवर. भाऊजी हातातलं काम थांबवून बघत राहायचे. मला वाटायचं, दुखावलेत. एकदा हळूच म्हणाले, "कुणाकडे जातच नाहीत वाटतं. कल्ले बघ कसे झालेत." म्हणजे प्रवेश गेल्याचं दुःख एकीकडे आणि कल्ल्यांचं दुःख दुसरीकडे. अशा माणसावर रागावायचं तरी कसं?

आता एकच संधी उरली होती. ताईने मला बोलावून घेतलं. "तुझ्या जिभेने आजवर गिऱ्हाईक घालवण्यापलीकडे काही केलं नाही," ती म्हणाली. "आता जरा घरच्या कामाला आण. यांना वाद घालायला शिकव."

झालं, आमची शिकवणी सुरू झाली. दुकान बंद व्हायच्या आधी, गिऱ्हाईक नसलं की मी आतल्या खुर्चीत बसायचो आणि तोंडाला येईल ते बोलायचो. भाऊजींनी फक्त "नाही" म्हणायचं.

"पृथ्वी चौकोनी आहे," मी म्हणालो.

भाऊजींनी विचार केला. "तुझ्या बाजूने बघितलं तर वाटतही असेल."

"माझ्याइतका गोड बोलणारा कारागीर या रस्त्यावर नाही."

"मनाने तू गोडच आहेस."

"ताईला स्वयंपाकातलं काही कळत नाही."

भाऊजी घुटमळले. "म्हणजे, हल्ली तिची दगदगही फार होते ना..."

"निदान इथे तरी नाही म्हणाल असं वाटलं होतं," दारातून ताई म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती देव जाणे. त्या आठवड्यात भाऊजींचा डबा भाऊजींनीच केला.

मी कंटाळलो. पालथ्या घड्यावर पाणी. आणि मग एके दिवशी माझ्या लक्षात एक गोष्ट आली, जी इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीपाशी उभा राहून मला दिसली नव्हती. एक पोरगा मोबाइलवर फोटो घेऊन आला. असेच पाहिजेत, कपाळावरून सरळ मागे. भाऊजी म्हणाले, "हो हो, अगदी अस्सेच." मग त्यांनी त्याच्या डोक्यावरचा भोवरा बोटाने चाचपला. भोवरा होता पुढे, कपाळाशी. तिथले केस मागे बसणं शक्यच नव्हतं. भाऊजींनी गुपचूप भलतेच कापले, भोवऱ्याच्या कलाने, एका बाजूला. पोरगा आरशात बघून खूश. फोटोची आठवणही त्याला राहिली नाही.

तो गेल्यावर मी म्हणालो, "भाऊजी, तुम्ही आत्ता त्याला नाही म्हणालात."

"छे! मी कुठे?"

"तोंडाने हो, कात्रीने नाही. आयुष्यभर तुम्ही हेच करत आलात. मत तुम्हाला आहे, भरपूर आहे. ते हातातून बाहेर पडतं एवढंच. त्या टेबलापुढे हातात कात्री नव्हती, म्हणून घोडं अडलं."

 मी आणखी म्हणालो, "आणि वडिलांचं ते वाक्य. गळा आपल्या हातात असला तर वाद नको. कबूल. पण तिथे कुणाचा गळा कुणाच्या हातात होता? वस्तरा त्यांच्याकडे आणि मान तुमची. तुमच्या बोलण्याने तिथे कुणालाही कापणार नव्हतं."

भाऊजींनी कंगवा धुतला, पुसला आणि पुन्हा धुतला.  मला वाटलं, गेलं वाऱ्यावर.

मुलाखत तोंडावर आली होती तेव्हा एका सकाळी सर दारात येऊन उभे राहिले. डोक्याचं जंगल झालेलं. माझी खुर्ची रिकामी होती. मी ती मुद्दाम झटकली. आले असते तर बिनपाण्याने केली असती. पण भाऊजी आतून म्हणाले, "या सर," जणू मधलं वर्ष गेलंच नव्हतं.

सर बसले. चष्मा फळीवर गेला. पण आज राजा नाही, मोहीम नाही. नुसता कात्रीचा आवाज. कल्ले झाले, कान मोकळे झाले. भाऊजींनी मानेला फेस लावला, वस्तरा उघडला आणि पहिली ओढ मारली. तेव्हा सर डोळे मिटूनच म्हणाले, "माझी चूक झाली. आम्हा दोघांचं भांडण जुनं, त्यात तुमचा बळी गेला. तुम्हाला गेल्या वर्षीच घ्यायला हवं होतं. वर्षभर मला हे सलतंय."

माझा हात थांबला. आता येणार "बरोबर आहे सर", मी मनात म्हणालो. आणि खरं सांगतो, या वेळी ते यावं असंच मला वाटत होतं. सुनवा म्हटलं एकदा.

भाऊजींनी वस्तरा मानेवरून उचलला. पुसला. मिटला. सरांच्या चष्म्याशेजारी फळीवर ठेवला. मग खुर्चीला वळसा घालून सरांच्या समोर, आरसा अडवून उभे राहिले. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या समोर उभे राहिलेले भाऊजी मी पाहिले नव्हते. ते नेहमी पाठीमागे.

"नाही सर," ते म्हणाले.  "हे मला पटत नाही."

मानेवर फेस तसाच असताना सरांनी चाचपडत चष्मा उचलला आणि डोळ्यांवर चढवला. "का?"

"मी तिथे शिकायला आलोच नव्हतो. गिऱ्हाईक सांभाळायला आलो होतो. घेतलं असतंत तर वर्गातही तेच केलं असतं. मान डोलवणारा आणखी एक कशाला हवा होता तुम्हाला? तुम्ही नाही म्हणालात ते बरोबर केलंत."

"पण प्रश्न आम्ही नीट विचारला नाही," सर म्हणाले. "चूक विचारणाऱ्याची."

"थोडी तुमची. सगळी नाही."

"सगळी!"

"नाही सर."

बाकावरच्यांनी वर्तमानपत्रं खाली ठेवली. दोघंही हट्टाला पेटले. एकजण चूक स्वतःच्या अंगावर ओढतोय, दुसरा ती परत हिसकावून घेतोय, असला वाद मी तरी आजवर ऐकला नव्हता. मानेवरचा फेस वाळला. भाऊजींनी पुन्हा लावला, तोही वाळला. वस्तरा हातात घेतला की ते बोलायचे थांबायचे आणि बोलायचं असलं की आधी वस्तरा मिटायचे. शेवटी मान साफ झाली, भाऊजींनी कापड झटकलं. केस संपले. आणि सर उठले नाहीत. तसेच बसून म्हणाले, "हं, तुमचा दुसरा मुद्दा काय होता?"

माझे डोळे भरून आले. पुढ्यातल्या गिऱ्हाइकाला मी सांगितलं की केस उडाला डोळ्यात. तो म्हणाला, "बरोबर आहे." शहाणा माणूस होता.

जाताना सर म्हणाले, "या वेळी मी त्या टेबलावर बसणार नाही. तुमच्याशी इतकं भांडल्यावर ते रीतीला धरून होणार नाही."

मुलाखतीच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी आणि ताई बरोबर गेलो. उंच छताचा लांब व्हरांडा, भिंतीशी लाकडी बाक. ताई पाळणाघरातून रजा घेऊन आली होती आणि तिच्या हातात भाऊजींची ती पाठीवरची पिशवी होती, पोटाशी घट्ट धरलेली. आधीचे उमेदवार आत जात होते, बाहेर येत होते. भाऊजी आत गेले ते येईचनात. मधेच आतून बाईंचा चढलेला आवाज आला. मग भाऊजींचा. ताईने माझ्याकडे पाहिलं. "हा यांचा आवाज?" तिने विचारलं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी ताई नवऱ्याचा आवाज ओळखत नव्हती.

दार उघडलं. भाऊजींचा चेहरा लालबुंद, कपाळावर घाम.

"काय झालं?" ताई उठून उभी राहिली.

"भांडण झालं."

"अगं आई गं. कुणाशी?"

"तिघांशीही, सरांच्या जागी आलेल्या नव्या सरांशीसुद्धा. बाईंशी जास्त." ते मटकन बाकावर बसले. "त्या म्हणाल्या, साध्या माणसांनी काही लिहून ठेवलं नाही, म्हणून त्यांचा इतिहास उरत नाही. मी म्हणालो, पटत नाही, माणसं सांगत असतात, आमच्या खुर्चीत बसून वडिलांना सांगायची, वडिलांनी मला सांगितलं. तर त्या म्हणाल्या, सांगताना तुम्ही त्यात किती बदल केलात? आता बदल तर केलाच असणार. मी म्हणालो, केला, पण म्हणून सगळं खोटं होत नाही. त्यावर त्यांनी आणखी पाच मुद्दे काढले. एकाचंही उत्तर मला येईना."

"मग?"

"तरी मी म्हणालो, पटत नाही." त्यांनी दोन्ही हात मांड्यांवर टेकले.  "हरलो मी बहुतेक. गेलं ते दार."

ताईने पिशवी खाली ठेवली आणि त्यांचा हात हातात घेतला.  डोक्यात एकच विचार, हे वाद घालायचं खूळ मी भरवलं, आणि मीच यांना बुडवलं.

तेवढ्यात दार पुन्हा उघडलं. पांढऱ्या, बारीक कापलेल्या केसांच्या बाई स्वतः बाहेर आल्या. हातात चष्मा, चेहऱ्यावर अजून भांडणाचा आवेश. आम्ही तिघंही उभे राहिलो.

"तुमचा तो मुद्दा मला अजून पटलेला नाही," त्या भाऊजींना म्हणाल्या. "आणि आज वेळ संपला. सत्र सुरू झालं की माझ्या वर्गात या. तिथे पुरा करू."

त्या आत गेल्या. त्या काय म्हणाल्या ते आधी ताईला कळलं, मग मला. भाऊजींना सर्वांत शेवटी. ते बंद दाराकडे बघून हळूच म्हणाले, "बरोबर आहे मॅडम." आणि लहान मुलासारखे रडायला लागले. ताईने पदराने त्यांचं नाक पुसलं. तिला ते काम सवयीचं होतं.

आता भाऊजी सकाळी पिशवी अडकवून रस्ता ओलांडतात आणि दुपारनंतर ॲप्रन बांधतात. सकाळी आतल्या खुर्चीवर मी असतो. दुकान चालायला हवं, म्हणून जिभेवर दगड ठेवून कापतो. कुणी म्हणालं पोरं बिघडली, तर म्हणतो, असतील बिघडली. सोपं नाही ते. इतकी वर्षं हे करणाऱ्या माणसाला मी नंदीबैल समजत होतो.

परवा भाऊजी वर्गातून आले ते जवळजवळ पळतच. पिशवीसुद्धा काढली नाही. मी एकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होतो.

"अरे, तो राजा!" ते म्हणाले. "मागच्या दाराने पळाला होता ना, तो. सरांनी आज पुढचं सांगितलं. मेला नाही तो. लांबच्या एका गावात नाव बदलून राहिला. भाजीचा मळा केला, म्हातारा झाला, नातवंडं पाहिली. तू म्हणाला होतास, मेला असेल."

"म्हणालो होतो."

"नाही," भाऊजी माझ्याकडे सरळ बघत म्हणाले. "तुझं चुकलं."

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, शेवटी मेलाच ना तो? पण त्यांचा चेहरा बघितला. मी वस्तरा मिटला आणि म्हणालो, "बरोबर आहे भाऊजी."